कोरडा आवाज

सुमेध कपाटात बसला होता. एका अंगाला बायकोच्या, अश्लेषाच्या साड्या, दुसऱ्या अंगाला स्वतःचे स्वेटर, गुडघे हनुवटीला टेकलेले, कानांवर हेडफोन आणि तोंडासमोर माइक. दाराच्या फटीतून एक वायर बाहेर पलंगावरच्या लॅपटॉपपर्यंत गेली होती. खोलीतला पंखा बंद, खिडक्या बंद, आणि कपाटात डांबराच्या गोळ्या. गळ्यातून सूर निघण्याआधी डोळ्यांतून पाणी निघत होतं. पण भिंतींवर आपटून परत येणारा आवाज मारायचा तर कपड्यांनी गच्च भरलेल्या कपाटासारखी जागा नाही, असं त्याने एका व्हिडिओत पाहिलं होतं. व्हिडिओत पाहिलेल्या गोष्टीवर सुमेधची जेवढी श्रद्धा होती, तेवढी घरात ऐकलेल्या गोष्टीवर कधीच नव्हती.

सुमेध एका विमा कंपनीत दावे तपासायचा. लोकांच्या नुकसानीवर संशय घेण्याचा त्याला पगार मिळत होता. गाण्याचा नाद कॉलेजपासूनचा. कॉम्प्युटरवर एकट्यानेच तबला, गिटार आणि व्हायोलिनचा ताफा उभा करता येतो हे कळल्यापासून त्या नादाला फ्लॅटमध्ये स्वतंत्र खोली मिळाली होती. पूर्वी त्या खोलीत अश्लेषा गणिताच्या शिकवण्या घ्यायची. आता ती शाळेतच काय शिकवायचं ते शिकवून यायची आणि घरात चवड्यांवर चालायची.

सध्या ती अर्नाळ्याला माहेरी गेली होती. आईचं, आशालताबाईंचं, मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. "तूही ये ना दोन दिवस," ती म्हणाली होती. रजा शिल्लक नाही, असं सुमेधने सांगितलं. ती रिक्षात बसल्यावर त्याने आठवडाभराची रजा टाकली.

गाणं त्याचंच होतं. 'परत ये, परत ये, घर हे ओस झाले.' जाण्याआधी अश्लेषाने विचारलं होतं, "कुणासाठी लिहिलंयस?"

"कुणासाठी असं नाही गं. 'ये'वर सूर छान लांबवता येतो."

'ये'चं ठीक होतं, घोटाळा 'प'चा होता. 'परत'मधला 'प' उच्चारला की तोंडातली हवा माइकवर धाडकन आपटायची आणि स्क्रीनवरची हिरवी पट्टी लाल व्हायची. त्यावर उपाय म्हणजे माइक ओठांपासून जरा तिरका धरायचा आणि मध्ये झिरझिरीत कापड ताणायचं. त्याने अश्लेषाची एक ओढणी कापून भरतकामाच्या रिंगवर बसवली. तरी 'प' फुटतच राहिला. मग नुसतं "परत... परत... परत ये... परत" असं सकाळभर चाललं. मध्येच हेडफोनमध्ये बारीक घुंईऽऽ ऐकू येऊ लागलं. ते फ्रीजचं होतं. त्याने फ्रीज बंद केला. आत अश्लेषाने त्याच्यासाठी मीठ-हळद लावून ठेवलेल्या सुरमईच्या तुकड्या होत्या.

कपाटातला आवाज स्वच्छ आला, पण फारच कोरडा. गाण्याला थोडी ओल हवी, थोडा घुमारा हवा. कॉम्प्युटरमधला घुमारा नकली वाटतो, त्यापेक्षा न्हाणीघरात गाऊन तो खरा पकडावा, अशी आणखी एक युक्ती त्याला सापडली. म्हणून दुपारपासून तो बाथरूममध्ये पालथ्या बादलीवर बसून गाऊ लागला. बाथरूमची खिडकी डक्टमध्ये उघडत होती, आणि डक्टमध्ये सातही मजल्यांची बाथरूमं उघडत होती.

सुमेधला हेडफोनमध्ये व्हायोलिन ऐकू येत होतं, तबला ऐकू येत होता. बाकीच्या इमारतीला फक्त सुमेध ऐकू येत होता. कुठलंही वाद्य नाही, ठेका नाही. बंद बाथरूममध्ये एक चाळिशीचा पुरुष ओरडतोय, "परत ये!" मग थोडी शांतता, मग खाकरणं, मग पुन्हा, "परत ये! घर हे ओस झाले!" आणि मध्येच हताश स्वरात, "शी! नाही जमत मला."

दोन दिवस इमारतीने हे ऐकून घेतलं. तिसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या डेल्फिन आंटी कोंबडीचं कालवण आणि तांदळाच्या भाकऱ्या घेऊन वर आल्या. आंटी मूळच्या पापडी गावच्या, मुलाने फ्लॅट घेतल्यावर इथे राहायला आलेल्या. बेल वाजली तेव्हा सुमेध नेमका कपाटात होता. घामाने निथळत, लाल डोळे पुसत त्याने दार उघडलं.

"रड बाळा," आंटी म्हणाल्या. "कोंडून नको ठेवू."

"आंटी, मी रडत नाहीये."

"मग हे डोळे असे का?"

"त्या डांबराच्या गोळ्यांमुळे..."

आंटींनी डबा खाली ठेवला. "गोळ्या? किती खाल्ल्यास?"

"खाल्ल्या नाहीत हो!"

"प्रल्हाद!" आंटींनी जिन्यातून हाक मारली. "ओ प्रल्हाद! लवकर ये! ह्याने काहीतरी खाल्लं!"

प्रल्हाद काका शेजारीच राहायचे आणि सोसायटीचे सेक्रेटरी होते. ते बनियनवरच धावत आले, आणि दारातच थबकले. त्यांनी नाक वर करून दोनदा हुंगलं.

"हा वास कसला रे?"

"फ्रीज बंद आहे, काका."

"बिघडला?"

"नाही, मीच बंद केला. आवाज करत होता."

काकांनी आंटींकडे पाहिलं. आंटींनी क्रूस केला.

"अश्लेषा कुठे आहे?" काकांनी अगदी सावकाश विचारलं.

"माहेरी. अर्नाळ्याला."

"जरा फोन लाव बघू. माझ्यासमोर."

सुमेधने लावला. रिंग वाजत राहिली, कुणी उचलला नाही. तोवर काका बेडरूममध्ये शिरले होते. उघड्या कपाटात एक उशी होती, ओढणीचा कापलेला तुकडा होता, आणि साड्या-स्वेटर दोन्ही बाजूंना सारून माणसाएवढी जागा केलेली होती.

"तू इथे बसतोस?"

"हो."

"तिच्या साड्यांमध्ये?"

"हो, म्हणजे त्याने आवाज कसा छान..."

"कळलं," काका घाईने म्हणाले आणि त्यांनी सुमेधच्या खांद्यावर हात ठेवला. "पुढचं नको सांगूस."

"अहो काका, गाणं रेकॉर्ड करतोय मी!"

"हो रे बाळा," आंटी म्हणाल्या, "गाणंच म्हणायचं ते. दुसरं काय म्हणणार?"

एवढ्यात फोनवर अश्लेषाचा मेसेज आला : 'आईला डॉक्टरांकडे आणलंय. नंतर बोलते.' ती जिवंत असल्याचं काकांनी स्वतः वाचून पाहिलं. त्यामुळे एक संशय मिटला आणि दुसरा पक्का झाला. जाताना काका म्हणाले, "जेवून घे. आणि ते मासे टाक." कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला त्या दिवशी कपडे द्यायला आला, तेव्हा त्यानेही सुमेधकडे दयेने पाहिलं.

रविवारी सकाळी डेल्फिन आंटी पुन्हा आल्या, या वेळी नव्या साडीत आणि समाधानाने.

"आता काळजी नको करू. पापडीला जाऊन तुमच्यासाठी मिस्सा सांगितली मी. फादरनी दोघांची नावं घेतली. सुमेध आणि अश्लेषाचा मोडलेला संसार परत जुळावा म्हणून. सगळ्या चर्चने प्रार्थना केली."

अश्लेषाच्या शाळेतल्या निम्म्या शिक्षिका त्याच चर्चमधल्या. तिच्या शेजारच्या टेबलावर बसणारी जीना तर दर रविवारी पहिल्या बाकावर. त्या क्षणी अश्लेषाला फोन करायला हवा होता, हे सुमेधलाही समजत होतं. पण नुसत्या बोलण्यावर कोण विश्वास ठेवणार? पुरावा हवा. पुरावा म्हणजे गाणं. आणि अर्धवट मिक्स केलेलं गाणं चार लोकांत पाठवायचं म्हणजे...

तो लॅपटॉपसमोर बसला. आवाजाच्या तळातला गढूळपणा काढला. व्हायोलिन जरा डावीकडे सारलं, गिटार उजवीकडे. कान थकले की बारीक आवाजावर ऐकावं, म्हणून बारीक आवाजावर ऐकलं. मोबाइलच्या फुटक्या स्पीकरवरही चांगलं लागतंय का ते पाहिलं. शब्दांच्या आधी येणारे श्वास एकेक करून कमी केले. जेवण राहिलं. फोन दोनदा थरथरला तो त्याने उलटा करून ठेवला, कारण त्याची थरथर टेबलातून हेडफोनच्या वायरला लागत होती.

दुपार कलल्यावर त्याने सोसायटीच्या ग्रुपवर गाणं टाकलं आणि खाली लिहिलं : 'सर्वांच्या माहितीसाठी. हे फक्त गाणं आहे. अश्लेषा आईच्या ऑपरेशनसाठी गेली आहे. आमचं उत्तम चाललं आहे. कृपया गैरसमज नसावा.'

ग्रुप खदखदला. टाळ्या आल्या, हसून डोळ्यांत पाणी आलेले चेहरे आले. 'आम्ही तर पोलिसांना फोन करणार होतो,' असं सहाव्या मजल्याने कबूल केलं. प्रल्हाद काकांनी लिहिलं, 'सुमेध, माफ कर. पण काय ते दुःख! खरंच वाटलं रे.' डेल्फिन आंटींनी विचारलं, 'म्हणजे मिस्सा फुकट गेली का?' सुमेधने सगळं दोनदा वाचलं. खरंच वाटलं, या शब्दांवर त्याची नजर रेंगाळली. एवढी दाद त्याला आयुष्यात मिळाली नव्हती.

दिवेलागणीला बेल वाजली. दारात अश्लेषा होती आणि मागे तिचे वडील, जयवंतराव. आयुष्यभर बोटींची इंजिनं दुरुस्त केलेला माणूस. ते आत आले, पण बसले नाहीत.

"बरं झालं आलीस!" सुमेध म्हणाला. "काय गोंधळ झाला माहितीये? मिटवला सगळा. ग्रुपवर बघ."

"बघितलं," अश्लेषा म्हणाली. "आईचं कसं आहे?"

"काय?"

"हे तू विचारायचं होतंस, सुमेध."

"अगं, मी फोन केला होता ना!"

"केला होतास. भरतकामाची रिंग कुठल्या खणात आहे ते विचारायला."

जयवंतराव भिंतीकडे बघत म्हणाले, "रजा नाय म्हनाला होतात तुम्ही. खाली वाचमन बोलला, साहेब आठवडाभर घरीच आहेत."

अश्लेषा सोफ्याच्या कडेला टेकली. ती चिडलेली दिसत नव्हती, आणि तेच सुमेधला बरं लक्षण वाटलं.

"सकाळी जीनाचा फोन आला," ती म्हणाली. "मला म्हणाली, ऐकून वाईट वाटलं गं, पण नवल नाही वाटलं. मी म्हटलं, असं काही नाहीये. मग मामीला सांगितलं गंमत म्हणून. तिलाही नवल नाही. आईच्या डोळ्यावर पट्टी. ती पडल्या पडल्याच म्हणाली, झालं का एकदाचं? मी सगळ्यांना सांगत होते, अगं काही नाही झालेलं, काही नाही झालेलं. दुपारपर्यंत मलाच ते खोटं वाटायला लागलं."

"पण ते गाणं आहे, अश्लेषा!"

"कळलं मला. मला कित्येक दिवस एकाच गोष्टीची धास्ती होती. लोकांना सांगायचं कसं? कुठून सुरुवात करायची? ते तू करून टाकलंस. आता मला कुणालाच काही सांगायला नको."

"तू... ऐकलंस ना पण गाणं?"

"ऐकलं. रिक्षात. चांगलं झालंय."

"खरंच?" सुमेध पुढे झुकला. "मधल्या कडव्यात आवाज दबल्यासारखा नाही ना वाटत?"

अश्लेषाने वडिलांकडे पाहिलं. जयवंतरावांनी खिशातून रुमाल काढला, तोंड पुसलं आणि म्हणाले, "चल पोरी. तुझ्या पिशव्या भर. मी हाय खाली."

तिने कपाट रिकामं करायला घेतलं. साड्या गेल्या, ड्रेस गेले, वरच्या फळीवरची दुलई गेली. सुमेध दाराच्या चौकटीला धरून उभा होता. थांब म्हणावं, हात धरावा, पाया पडावं, काहीतरी करावं, असं त्याच्या मनात येत होतं. आणि त्याच वेळी असंही येत होतं, की आता या कपाटात आवाज घुमणार. हे आपल्या मनात आलं, याची त्याला इतकी शरम वाटली की तोंडातून शब्दच फुटला नाही. अश्लेषाने त्याच्याकडे पाहिलं, थोडी थांबली, आणि तो काही बोलत नाही असं पाहून तिने पिशवीची चेन ओढली.

पिशव्या त्यानेच खाली नेल्या. रिक्षा गेटबाहेर पडली, वळली, आणि दिसेनाशी झाली. गेटजवळच्या बाकावर प्रल्हाद काका हवा खात बसले होते. वर पहिल्या मजल्याच्या गॅलरीत डेल्फिन आंटी दोरीवरचे कपडे काढत होत्या.

सुमेध बाकावर जाऊन बसला. दोन दिवसांपूर्वी हीच माणसं त्याच्या दारात डबा घेऊन उभी होती.

"काका," तो शेवटी म्हणाला, "अश्लेषा गेली. कायमची. आता ती येणार नाही."

त्याचा आवाज फाटला होता. काकांच्या पोटातून हसू वर आलं.

"नाही बाबा! एकदा फसलो, पुन्हा नाही." त्यांनी सुमेधच्या मांडीवर थाप मारली.

"काय म्हणतो तो?" आंटींनी वरून विचारलं.

"काही नाही हो, नवीन गाणं ऐकवतोय."

"अरे वा!" आंटी कपडे खांद्यावर टाकून कठड्याशी आल्या. "म्हण ना बाळा, मोठ्याने म्हण!"

काकांनी सुमेधचे ते शब्द मनातल्या मनात पुन्हा घोळवून पाहिले आणि जाणकारासारखी मान हलवली.

"ओळ चांगली आहे," ते म्हणाले. "चाल लावलीस का?"