टाको मसाला, मान्यतेसाठी सादर

कुठल्याही कुळाची प्रतिष्ठा त्याच्या मसाल्यात असते, आणि मसाल्याची प्रतिष्ठा तो कुणाला जमत नाही यावर ठरते. जो मसाला सगळ्यांनाच जमतो त्याला पावडर म्हणतात आणि तो दुकानात मिळतो.

देवासच्या अशोकरावांच्या घरात याबाबत एक नियम होता. मसाला हाताला बसल्याशिवाय मुलीने घराबाहेर पडायचं नाही. नियम लग्नाच्या दृष्टीने केलेला होता. पणजोबा संस्थानच्या नोकरीत होते तेव्हापासून तो पाळला गेला, आणि मुली मसाला शिकून धार, उज्जैन, बागली अशा ठिकाणी रीतसर रवाना होत गेल्या. (मुलग्यांना नियम लागू नव्हता. ते घराबाहेर पडले तरी मसाला त्यांच्यामागून पार्सलने जाई.) लग्न न करता घराबाहेर पडणाऱ्या मुलीची मात्र नियमात तरतूदच नव्हती. ही त्रुटी उघडकीस आली ती नीरजामुळे. तिने रसायनशास्त्रात एम.एस्सी. केलं आणि पुण्याच्या एका संशोधन संस्थेत पीएच.डी.ची जागा मिळवली. महिनाअखेरपर्यंत होकार कळवायचा होता, नाहीतर जागा यादीतल्या पुढच्या उमेदवाराला जाणार होती.

अशोकरावांचा मुलीच्या शिक्षणाला विरोध नव्हता. विरोध कुणाचाच नव्हता, आणि म्हणूनच प्रकरण अवघड होतं. विरोध असता तर त्याच्याशी भांडता आलं असतं. अशोकराव एका कारखान्याच्या गुणवत्ता विभागातून निवृत्त झालेले. त्रुटी दिसली की ती दुरुस्त होईपर्यंत माल अडवून ठेवायचा, एवढंच ते आयुष्यभर करत आले होते.

"बेटा, तू जा ना. कोण अडवतंय?" ते म्हणाले. "फक्त एक बार मसाला करून दाखव."

"बाबा, हॉस्टेलला मेस आहे. तिथे स्वयंपाकघरच नाहीये."

"तो अलग मुद्दा आहे."

शिवाय श्रावण चालू होता. गोडा मसाला चैत्र-वैशाखाच्या उन्हात होतो. माळव्याच्या श्रावणात मिरची वाळत नाही, खोबऱ्याला वास येतो आणि धण्याला बुरशी धरते. म्हणजे परीक्षा अनिवार्य होती आणि परीक्षेचा हंगाम संपलेला होता. यावर अशोकरावांनी उदार मनाने पुढचं वर्ष देऊ केलं.

नीरजाने मग नियमाकडे तसं पाहिलं जसं ती बाटलीवरच्या लेबलाकडे पाहत असे. नियमात 'मसाला' असा शब्द होता. कुठला मसाला, हे म्हटलेलं नव्हतं. भाजणं नको, कुटणं नको, ऊन नको, असा मसाला शोधला तर तो मेक्सिकोच्या बाजूचा, टाकोत म्हणजे सारण भरून दुमडलेल्या मक्याच्या पोळीत घालायचा निघाला. तिखट, जिरेपूड, धणेपूड, पापरिका म्हणजे रंगाला लाल आणि जिभेला सभ्य अशी मिरचीपूड, ओरेगॅनो, मिरी, मीठ, आणि कांद्या-लसणाची पावडर. मोजायचं, चाळायचं, मिसळायचं, बरणीत भरायचं. वेळ लागतो चहाला लागतो तेवढा.

"टाको मसाला करीन," ती म्हणाली.

अशोकरावांनी विचार केला. नियमाचा भंग होत नव्हता. त्यांनी समिती नेमली.

अध्यक्षपद धारच्या सुभद्राआत्यांकडे गेलं. त्या अशोकरावांच्या थोरल्या बहीण, श्रावणात माहेरी राहायला आलेल्या. सासरी पिढ्यान्‌पिढ्या देवळाची सेवा, त्यामुळे चातुर्मासात कांदा-लसूण वर्ज्य आणि उरलेल्या वर्षात नावडता. सदस्य-सचिव स्वतः अशोकराव. बाहेरचे तज्ज्ञ म्हणून कोपऱ्यावरचे किराणावाले चिंटू भिया, ज्यांचं वय पन्नाशीच्या पुढचं आहे आणि खरं नाव त्यांच्या दुकानाच्या पाटीवरही नाही. शशिकलाबाई, ज्या लग्न होऊन या घरात आल्यापासून दरवर्षी घरचा मसाला करत आल्या आहेत, त्यांना समितीत घेता आलं नाही. उमेदवार त्यांची मुलगी असल्याने हितसंबंधांचा प्रश्न होता. (उमेदवार अशोकरावांचीही मुलगी होती, पण ते सचिव होते.)

पहिल्याच बैठकीत अशोकरावांनी मूलभूत प्रश्न मांडला, की तुलनेसाठी मानक नमुना कुठे आहे? समितीतल्या कुणीही टाको खाल्लेला नव्हता. नीरजाने एकदा इंदूरच्या एका मॉलमध्ये खाल्ला होता, पण उमेदवाराची साक्ष ग्राह्य धरता येत नाही. शेवटी चिंटू भियांनी दुकानातून चिप्सचं एक पाकीट आणलं. त्यावर मोठ्या टोपीचा एक मिशीवाला माणूस होता. पाकीट इथल्याच औद्योगिक क्षेत्रात भरलेलं होतं, पण मिशी परदेशी होती. ते मानक ठरलं.

पहिला नमुना नीरजाने प्रयोगशाळेच्या शिस्तीने केला. पावसाळी हवेत लसणाची पावडर ओलावा ओढून गोळा होते, म्हणून तीत चिमूटभर मक्याचं पीठ घातलं आणि बरणी घट्ट लावली. अध्यक्षांनी झाकण उघडलं आणि लगेच बंद केलं.

"लसूण?"

"पावडर आहे, आत्या."

"विष वाळवून कुटलं म्हणजे त्याची साखर होते काय गं? श्रावण आहे. उचल ते."

नमुना न चाखताच फेटाळला गेला. वास पुरेसा होता.

दुसऱ्यात कांदा-लसणाऐवजी हिंग आला. आता अध्यक्षांनी चाखलं आणि ओरेगॅनोवर बोट ठेवलं. याला म्हणे खोकल्याच्या औषधाचा वास येतो. त्यापेक्षा ओवा घाल. नीरजा थबकली, कारण ही सूचना शास्त्राला धरून होती. ओव्यातला मुख्य सुगंधी रेणू आणि ओरेगॅनोतला मुख्य सुगंधी रेणू यांच्यात अणू तेवढेच आणि तेच असतात, फक्त एका गटाची जागा वेगळी असते. तिने ओवा घातला. वैज्ञानिक माणसाला हरवायचं असेल तर त्याला निम्मं बरोबर सांगावं, बाकीचं निम्मं तो स्वतःच सिद्ध करून देतो.

पुढची हरकत बाहेरच्या तज्ज्ञांची होती.

"भिया, रंग तो है, दम नी है," चिंटू भिया पापरिकेबद्दल अशोकरावांना म्हणाले. "इसमें निमाड़ की मिर्ची डालो. और थोड़ी सौंफ, थोड़ा काला नमक, थोड़ा अमचूर. फिर देखो."

"पण चिंटू भिया, टाकोमध्ये बडीशेप नसते," नीरजा म्हणाली.

"बेटा, तूने मेक्सिको देखा है?"

"नाही."

"मैंने भी नी देखा. तो फिर बराबर ना?"

तिसऱ्या नमुन्यात पापरिका जाऊन निमाडची मिरची आली, शिवाय बडीशेप, काळं मीठ आणि आमचूर आलं. ते चाखून आत्यांना वाटलं की मसाल्याला खोली नाही. खोली म्हणजे दगडफूल, नागकेशर, तीळ, सुकं खोबरं. श्रावणात हे सगळं ताजं भाजणं शक्य नव्हतं, म्हणून घरच्या गोड्या मसाल्याच्या बरणीतून एक वाटी घेण्यात आली. मग आणखी एक. सुधारणेच्या प्रत्येक टप्प्याला बरणी खाली जात राहिली, आणि चौथा नमुना तयार झाला तेव्हा बरणीचा तळ दिसत होता. पहिल्या नमुन्यातलं आता फक्त तिखट, मीठ, मिरी आणि जिरे-धणे एवढंच शिल्लक होतं. म्हणजे समितीने टाको मसाल्यात टाको तेवढा नको म्हटला होता.

चौथ्या नमुन्याची बैठक होकार कळवायच्या शेवटच्या दिवशी सकाळी भरली. आत्यांनी चिमूट तोंडात टाकली आणि डोळे मिटले. नीरजाला वाटलं, झालं.

"हा तर आपला गोडा मसाला," आत्या म्हणाल्या. "ह्यात तुझं काय गं, नीरे?"

चिंटू भियांनी चाटून पाहिलं. "ये तो जीरावन है. पोहे पे डालते हैं. मैं तो कब से बेच रिया हूँ."

अशोकरावांनी शेवटची चिप्स खाल्ली, मसाला चाखला आणि खेदाने मान हलवली. "मानक नमुन्याशी जुळत नाही, बेटा. पुढच्या वर्षी बघू."

कुणीच रागावलं नव्हतं. चिंटू भियांनी तर तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि "मेहनती छोरी है" असं म्हणून ते दुकानाकडे गेले. नीरजाने फोन उघडला. होकाराचं पत्र कालपासून लिहून तयार होतं, फक्त पाठवायचं बाकी होतं. ती त्याकडे पाहत बसली. पाठवलं असतं तर गेलंही असतं. पण ती या घरातली होती. या घरातून आजवर कुणी नियम मोडून गेलेलं नव्हतं, सगळे पास होऊन गेले होते.

दुपारी पानं वाढली. आठवडाभर नमुन्यांच्या नादात आपण काय जेवतोय याकडे नीरजाचं लक्ष नव्हतं. आज तिने आमटीचा पहिला घोट घेतला आणि हात थांबवला. तिने वाटी नाकाशी नेली. मग ती उठून स्वयंपाकघरात गेली.

"आई, आमटीत काय घातलंस?"

"मसाला."

"कुठला?"

"होता तो," शशिकलाबाई म्हणाल्या. "घरचा सगळा तुमच्या सुधारणांत गेला. मग काय, पाण्याची आमटी करू? इतका चांगला मसाला तू केलेला, तो काय टाकून द्यायचा?"

"पहिला नमुना? आई, त्यात लसूण होता!"

"हळू बोल. वन्सं जेवतायत."

"कधीपासून घालतेयस?"

शशिकलाबाईंनी पोळी उलटली. "सोमवारपासून."

"सोमवारी आत्यांचा उपास असतो!"

"सोडताना दोनदा मागून घेतली त्यांनी."

नीरजा ओट्याला टेकून उभी राहिली. ज्या चाचणीत चाखणाऱ्याला आपण काय चाखतोय हे माहीत नसतं आणि प्रयोग करणाऱ्यालाही माहीत नसतं, तिच्याइतका भक्कम पुरावा विज्ञानात दुसरा नाही. निष्कर्ष स्वच्छ होता. पहिल्या नमुन्याला अध्यक्षांची पसंती होती, तीही वारंवार. फक्त तो जाहीर करता येत नव्हता. जाहीर केला तर पासष्टीच्या पुढच्या, गुडघे दुखणाऱ्या आत्या प्रायश्चित्त म्हणून निर्जळी उपास धरणार, आणि पुन्हा या घरी पाण्याचा थेंबही घेणार नाहीत. एका बाजूला पुणं होतं, दुसऱ्या बाजूला आत्या. नीरजा बाहेर आली, पानावर बसली आणि जेवू लागली.

शशिकलाबाई पोळ्या घेऊन आल्या. वाढता वाढता थांबल्या.

"वन्सं, या आठवड्यात आमटी आवडलेली दिसतेय तुम्हांला."

"बरी जमत्येय. वेगळीच चव आहे काहीतरी."

"कृती सांगू?"

आत्यांचा हात वाटीवर होता. त्यांनी शशिकलाबाईंकडे पाहिलं. मग नीरजाकडे, जिची नजर पानात होती. मग वाटीकडे. एवढ्या वर्षांत या भावजयीने त्यांना आपणहून कुठलीच कृती सांगितली नव्हती. 

"नको," आत्या म्हणाल्या. "ह्या वयात मला कृती घेऊन काय करावयाचे आहे?" त्यांनी उरलेली आमटी भातावर ओतली, कालवली आणि भावाकडे वळल्या. "अशोक, मुलीचं ते पुण्याचं कळवून टाक आजच."

"पण अक्का, चौथा नमुना तर रिजेक्ट झाला ना?"

"मग पहिला मंजूर कर."

"पहिला? तुम्ही तर तो चाखलाच नव्हता. त्यात लसूण..."

"कसला लसूण? मी काही पाहिला नाही. तू पाहिलास?"

"नाही, पण तुम्हीच त्या दिवशी..."

"मुकाट्याने जेव."

अशोकराव जेवले. जेवण झाल्यावर हात पुसून त्यांनी मुलीला सांगितलं की अध्यक्षांच्या फेरविचारानंतर पहिला नमुना मान्य झाला आहे. नीरजाने पत्र पाठवलं. शशिकलाबाईंनी पानं उचलली. चिंटू भियांना संध्याकाळी दुकानात निकाल कळला तेव्हा ते म्हणाले, की त्यांचं मत पहिल्यापासून हेच होतं.

या कथेतल्या समितीला हसलेल्या वाचकांनी आता एक छोटा प्रयोग करून पाहावा. आज पानात पडलेल्या ज्या पदार्थाला ते "अगदी आपल्या घरची चव" म्हणतील, त्याची संपूर्ण कृती स्वयंपाकघरात जाऊन विचारावी. (घरात कुणाची एखादी परवानगी अडून राहिली असेल, तर ती जाण्याआधी देऊन टाकलेली बरी.)