यंत्रावर बसण्याचा उपाय

आमचं कपडे धुण्याचं यंत्र सत्तावीस वर्षांचं. पिळताना ते जरा नाचतं, म्हणून ईस्टरपासून मी त्याच्यावर बसायला लागलो. वजन माझं भरपूर. (बोडिल, म्हणजे माझी बायको, म्हणते तेवढंच काय ते भरपूर.)

मे महिन्यात सोसायटीची चिठ्ठी आली. तुमच्या यंत्राचा खडखडाट खालच्या वेस्टाबाईंना सोसवत नाही. गुरुवारच्या सभेपर्यंत बंदोबस्त करा, नाहीतर यंत्र हलवा. मी आणखी घट्ट बसलो. खडखडाट वाढला म्हणे.

बोडिलचा खुबा नुकताच बदललेला. यंत्र गेलं तर तळघरातल्या सामाईक यंत्रापासून ओली टोपली घेऊन चार जिने वर.

"मी बघतो," मी म्हणालो.

"अहो, तुम्ही बघू नका. प्रेबेनला बोलवा."

प्रेबेन इंजिनियर. आवाज आणि कंप मोजायच्या ज्या कारखान्यात तो आहे, तिथे मी चौतीस वर्षं दारावर होतो. शिक्षण नाही माझं, पण शांत खोलीत जाणाऱ्या मोठ्यातल्या मोठ्या साहेबालाही मी ट्रे पुढे करून अडवायचो: खिसे रिकामे करा. नियमच होता तसा.

प्रेबेननं मधमाशीच्या मेणानं यंत्राला बोटाएवढं कंपमापक चिकटवलं आणि कॉम्प्युटर उघडला. मी वर बसून यंत्र चालू केलं.

"काका, हा आवाज यंत्राचा वाटत नाही. पत्र्यावर काहीतरी आपटतंय. जरा उतरता का?"

उतरलो. पडद्यावरची रेघ शहाण्यासारखी आडवी झाली.

"आता बसा."

बसलो. रेघ उड्या मारायला लागली.

टेबलावरचा केकचा ट्रे रिकामा करून प्रेबेननं माझ्यापुढे धरला.

"आक्सेलकाका, किल्ल्या, घड्याळ, सुट्टे पैसे."

माझ्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा होता. एकूण अकरा, त्यातल्या आठांची कुलुपं आता जगात नाहीत.

"एवढा खणखणाट, आणि तुम्हाला ऐकू नाही आला?" बोडिल म्हणाली.

"बारीक आवाज ऐकू येत नाहीत गं मला."

"माझे तर कुठलेच येत नाहीत."

जुडगा काढून ठेवा म्हणाली, पण चौतीस वर्षांची सवय. त्याच्याशिवाय मी एका बाजूला कलतो. मग गुरुवारी बोडिलनंच सोसायटीला चिठ्ठी लिहिली: "यंत्र ठीक आहे. आवाज करणारा भाग काढून बाहेर ठेवला आहे."

हे मी जिन्यातल्या बाकावर बसून लिहितोय. धुणं व्हायला अजून चाळीस मिनिटं आहेत.