पाऊल कोणत्या बाजूने उजळले होते

अभिजात कलाकृती रसिकाच्या अंगावर एकदम सोडायची नसते. ती पचावी म्हणून आधी त्याची मशागत करावी लागते. कॅनडातल्या मार्कहॅमच्या आमच्या चित्रास्वाद मंडळाने हे शास्त्र पूर्णत्वास नेले आहे.

२०१७च्या नोव्हेंबरात मंडळाने शंभर वर्षांपूर्वीचा एक डॅनिश मूकपट दाखवला. प्रेमकथा. लांबी बासष्ट मिनिटे. कम्युनिटी सेंटरचा हॉल दोन ते पाच. दीपप्रज्वलन (बॅटरीच्या समईने, ज्योतीला फायर अलार्मची हरकत असते), प्रास्ताविक, अध्यक्षांचा परिचय, अध्यक्षांनी करून दिलेला परिचयकर्त्यांचा परिचय, युरोपीय छायाचित्रणाचा इतिहास, आणि बटाटेवडे. पावणेचारला चित्रपट सुरू झाला.

निवृत्त इंजिनिअर जनार्दनरावांनी तो एकोणीस वेळा थांबवला. मूकपटात कोणी बोलत नसल्याने आपल्याला बोलायला भरपूर जागा मिळते, हे त्यांचे निरीक्षण मौलिक आहे.

पहिल्या रांगेत सत्तरी ओलांडलेल्या उमावहिनी होत्या. पडद्यावर दीपगृहाच्या रखवालदाराची बायको धक्क्यावर उभी होती, आणि बोटीतला तरुण हात पुढे करून थांबला होता. एकाहत्तर साली असाच एक हात सोडून उमावहिनी घरच्यांनी ठरवलेल्या नवऱ्यामागे विनिपेगला आल्या. हे त्यांनी आजवर कोणाला सांगितले नव्हते. अठराव्या थांब्याला हळूच मला सांगितले. मला फार वाईट वाटले, पण मी मंडळाचा चिटणीस आहे.

बाईने पाऊल उचलले. जनार्दनरावांनी चित्र थांबवले आणि ते पाऊल कोणत्या बाजूने उजळले आहे हे काठीने दाखवू लागले. दाखवता दाखवता पाच वाजले. पुढच्या झुंबा क्लासच्या बायका पाण्याच्या बाटल्या घेऊन दारात आल्या.

उमावहिनी उठल्या. "जनार्दनराव, एवढंच सांगा. ती बोटीत चढते का?"

"वहिनी, स्टोरी इम्पॉर्टंट नसते. लायटिंग बघा."

यावर टाळ्या पडल्या. आभारप्रदर्शन पार्किंगमध्ये, बर्फ शोव्हल करता करता झाले. चित्रपट अजरामर असल्याचा ठराव तिथेच एकमताने संमत झाला (उपस्थित एकेचाळीस, शेवट पाहिलेले, जनार्दनराव धरून, शून्य). त्याच्या वारशावर आता तीन व्याख्याने ठेवली आहेत.

उमावहिनी अजून भेटेल त्याला तेच विचारतात. तुम्हाला भेटल्या तर बेलाशक छायाप्रकाशावर बोला. इथवर वाचलेत, म्हणजे आमच्याइतका अधिकार तुम्हालाही आलाच आहे.