सासरेबुवांचा ओरिजिनल रंग

“निळी झाक मारतेय,” असा निकाल देऊन सासरेबुवांनी पत्र्याचा तुकडा परत केला.

डॉक्टरांनी तो उन्हात धरला, सावलीत धरला, एक डोळा मिटूनही पाहिला. निळी झाक होतीच. ती तर त्यांनी मुद्दाम आणली होती, कारण गाडीचा मूळ रंगच निळसर पांढरा होता. मागची सीट उचकटल्यावर खाली तळहाताएवढा पत्रा सापडला होता. एकदाही ऊन न लागलेला, कारखान्यातून आला तसाच. त्याच्याशी रंग जुळवायला डॉक्टरांनी सगळे रविवार घातले होते.

रंग जुळवणं हा तसा त्यांचा पोटापाण्याचाच उद्योग. डॉक्टर दातांचे होते. शेजारच्या दातात मिसळून जाईल असा खोटा दात ते बसवत, तेव्हा खुद्द पेशंटला आरशात तो शोधावा लागे. पण सासरेबुवा चारचौघांत ओळख करून देताना म्हणत, “हे आमचे जावई. डॉक्टर आहेत.” मग जरासं थांबून, आवाज खाली आणून, “म्हणजे, दातांचे.” ते थांबणं डॉक्टरांना लग्नापासून टोचत होतं. सासरेबुवांनी आपली जुनी गाडी त्यांच्या हवाली केली आणि “रंग मात्र ओरिजिनलच पाहिजे हं,” अशी अट घातली, तेव्हा डॉक्टरांना वाटलं, आता आपली विद्या दाखवायची वेळ आली.

“बाबा, हा बघा ना सीटखालचा पत्रा. तंतोतंत जुळतोय.”

“ते रंगाखालचं अस्तर आहे.”

“अस्तर लाल असतं, काका,” गॅरेजच्या कोपऱ्यातून पेंटर म्हणाला.

“आता असतं. तेव्हा पांढरं असायचं. गाडी मी घेतली की तुम्ही?”

खरंखोटं करायला पुरावाही नव्हता. मधल्या काळात गाडी दोनदा करड्या रंगाने रंगवून झाली होती आणि जुने फोटो सगळे कृष्णधवल. डॉक्टरांच्या बायकोला लहानपणीचं एवढंच आठवत होतं, की वळणावर गाडीचं दार आपोआप उघडायचं. राहता राहिल्या सासूबाई.

“मला काय विचारता?” त्या वाटाणे सोलता सोलता म्हणाल्या. “गाडीतलं त्यांनाच कळतं.”

“तरी, काही अंदाज?”

“ते म्हणतील तसं करा. उगाच वाद कशाला!”

मग सासरेबुवांनी ‘थोडा पिवळा घाला’ म्हटलं आणि पिवळा घालणं सुरू झालं. पेंटरने चमचाभर घातला. सासरेबुवा म्हणाले, “अजून निळसर आहे.” पेंटरने वाटीभर घातला. “जमतंय हळूहळू,” सासरेबुवा म्हणाले, “पण मन भरत नाही.” शेवटी पेंटरने वैतागून डबाच उपडा केला, ढवळलं आणि पत्र्यावर ब्रश ओढला. अंड्याच्या बलकालाही लाज वाटावी असा तो रंग होता.

सासरेबुवा खुर्चीवरून उठले. पत्रा हातात घेऊन त्यांनी लहान मुलाकडे बघावं तसं त्याच्याकडे पाहिलं.

“हाच!” ते म्हणाले. “डॉक्टर, हाच तो ओरिजिनल!”

‘म्हणजे, दातांचे’ हे शब्द त्या दिवशी आले नाहीत. त्या आनंदात डॉक्टरांनी गाडी नखशिखांत पिवळी करून टाकली.

पहिल्याच फेरीला सिग्नलपाशी मागचं दार उघडलं. एक बाई दोन पिशव्यांसकट आत बसल्या आणि म्हणाल्या, “स्टेशन. जरा लवकर घ्या.” सासरेबुवांनी खाजगी गाडी असल्याचं सांगितलं, तर बाईंनाच राग आला. “खाजगी आहे तर टॅक्सीचा रंग कशाला दिलात? लोकांना फसवता!” मागच्या गाड्या हॉर्न बडवत होत्या, बाई उतरायला तयार नव्हत्या. निमूटपणे त्यांना स्टेशनवर सोडून सासरेबुवा घरी आले. गंमत म्हणजे ते चिडले नव्हते. उलट दुसऱ्या दिवशी पुन्हा गाडी घेऊन निघाले, आणि तिसऱ्या दिवशीही.

डॉक्टरांना मात्र चैन पडेना. इतका भडक रंग माणसाला फिकट कसा वाटतो? याचा विचार करता करता त्यांच्या डोक्यात उजेड पडला. मोतीबिंदू! पिकलेल्या मोतीबिंदूतून जग पिवळट दिसतं, रंग कळेनासे होतात. त्यांनी सासरेबुवांना दवाखान्यात बोलावलं, वेगवेगळ्या छटांच्या दातांची पट्टी पुढे धरली आणि विचारलं, “यातला सगळ्यात पांढरा कोणता?”

“हा,” म्हणत सासरेबुवांनी नेमका अट्टल विडीवाल्याला शोभेल असा दात दाखवला.

डॉक्टरांना हसू आवरेना. डोळ्यांच्या डॉक्टरांनीही तपासून सांगितलं, “आहे मोतीबिंदू. ऑपरेशन करून घ्या, बरं होईल.”

“पाहिलंत आई?” डॉक्टरांनी सासूबाईंना समजावलं. “यात बाबांचा काहीच दोष नाही. त्यांना बिचाऱ्यांना तसंच दिसत होतं. पण आता डोळ्यांची पट्टी निघाल्यावर गाडी बघून त्यांना धक्का बसेल हो.”

सासूबाई म्हणाल्या, “मग बसू कशाला द्यायचा? ऑपरेशननंतर त्यांना तुमच्याकडेच ठेवून घ्या. इथे आले तर आधी गाडी पुसायला धावतील. तेवढ्यात तुम्ही पुन्हा रंगवून टाका. सीटखालच्या पत्र्यासारखी.”

“पण त्यांना न विचारता?”

“विचारायचं काय त्यात? नव्या डोळ्यांना जुनी गाडी दिसू दे.”

एवढ्या समजूतदार सासूबाई कुणाला मिळतात, असं डॉक्टरांच्या मनात आलं. सासरेबुवा लेकीकडे राहायला आले आणि गाडी पेंटरकडे गेली. पेंटरने आधी कपाळावर हात मारला, मग घासायचा कागद उचलला. सासरेबुवा रोज विचारत, “गाडी बरी आहे ना?” डॉक्टर रोज सांगत, “आराम करतेय. तुम्हीही करा.”

काळा चष्मा लावून सासरेबुवा घरी निघाले, तो दिवस उजाडला. अंगणात गाडी उभी होती. निळसर पांढरी, सकाळच्या दुधासारखी. सीटखालचा पत्रा वर ठेवला असता तर हरवला असता, इतका नेमका रंग. आयुष्यात इतका सुंदर दात आपण बसवला नाही, असं डॉक्टरांना वाटलं.

सासरेबुवांनी चष्मा काढला. डोळे मिचकावले. गाडीला एक फेरी मारली. पुन्हा एक मारली.

“कसा दिसतोय रंग, बाबा?” लेकीने विचारलं.

“छान,” सासरेबुवा म्हणाले. सासूबाई पर्स आणायला आत गेल्या, तसे ते डॉक्टरांचा दंड धरून त्यांना भिंतीपाशी घेऊन गेले. “डॉक्टर, माझी पिवळी गाडी कुठाय?”

“बाबा, हाच मूळ रंग! मोतीबिंदूमुळे तुम्हाला—”

“मोतीबिंदूचा काय संबंध? पिवळा मला पिवळाच दिसत होता!”

“अहो, पण ती दातांची पट्टी…”

“दातांकडे बघत कोण होतं? तो टोचायचा चिमटा घेऊन तुम्ही समोर उभे. म्हटलं, काहीतरी दाखवून सुटावं.”

डॉक्टरांचा जबडा खाली आला. सासरेबुवा आणखी हळू बोलू लागले. “गाडी घ्यायला गेलो, तेव्हा शोरूममध्ये पिवळी उभी होती. काय दिसत होती! पण ही म्हणाली, असल्या गाडीत मी पाऊल ठेवणार नाही. मग ही पांढरी घेतली. नंतर दोनदा रंगवली, तेव्हाही हिचंच चाललं. यावेळी म्हटलं, ओरिजिनल म्हणून सांगावं. ओरिजिनलपुढे कोण बोलणार?”

“मग मला तरी सांगायचं!”

“तुम्ही पडलात सरळ. तुमच्या पोटात राहिलं नसतं.”

“झालं का बोलून?” मागून सासूबाईंचा आवाज आला. त्या पर्स घेऊन उभ्या होत्या, आणि केव्हापासून ते त्यांचं त्यांनाच माहीत. “निघू या ना? पहिली फेरी देवीला नाही, बाजाराला नाही. नुसतीच फिरायला जाऊ.”

सासरेबुवांचा चेहरा पडला. “तुला… कळलं होतं?”

“तुम्ही ‘थोडा पिवळा घाला’ म्हणालात तेव्हाच.”

“आई!” डॉक्टर कळवळले. “मग मला अख्खी गाडी पिवळी कशाला करू दिलीत?”

“म्हटलं, एकदाची हौस फिटू दे त्यांची. कितीदा फिरवली, बघितलंत ना?” असं म्हणत त्या निळसर पांढरं दार उघडून मागे ऐसपैस बसल्या.

डॉक्टर चालवायला बसले. शेजारी सासरेबुवा हाताची घडी घालून बसले. चौकात समोरून एक गाडी आली. नवी कोरी, चकचकीत आणि अगदी बलकासारखी पिवळी. सासरेबुवांची मान तिच्याबरोबर वळली, वळतच राहिली, आणि मागच्या काचेतून ती ठिपक्याएवढी होईपर्यंत वळलेलीच होती.

“अहो,” मागून सासूबाई म्हणाल्या, “नवे डोळे आहेत. जरा जपून वापरा.”