भोंगा आणि भिंती

एका जंगलात, बालमित्रांनो, एक संगणक होता. जंगलात संगणक कुठून आला, असं विचारू नका. वाघाला राजा कोणी केलं, हेही तुम्ही कधी विचारलेलं नाही.

हा संगणक नदीकाठच्या टेकाडावर होता आणि भिवाजी नावाचं अस्वल तो सांभाळायचं. नदीचं पाणी चढलं की संगणक भोंगा वाजवायचा. भोंगा ऐकला की खालच्या वस्तीतले प्राणी पिल्लं उचलून डोंगरावर पळायचे. भिवाजीची बायको गोदाक्का आणि त्याची पिल्लंही त्याच वस्तीत राहायची.

प्रत्येक संगणकाच्या आत एक कारभारी असतो. त्याला म्हणतात ऑपरेटिंग सिस्टिम. इथला कारभारी जुन्या वळणाचा होता. त्याने सगळ्या कामकऱ्यांना एकाच मोठ्या खोलीत बसवलं होतं. नदीवर नजर ठेवणारा पाणीवाला ओरडला की शेजारचा भोंगेवाला लगेच भोंगा वाजवायचा.

पण एकदा त्याच खोलीत वाघमहाराजांचं चित्र छापणाऱ्याला फेफरं आलं. तो कोसळला आणि त्याच्याबरोबर अख्खी खोली कोसळली. संगणक बंद! चित्र मिशीपर्यंतच छापलं गेलं.

"आमच्या मिशीखाली काहीच नाही?" महाराज गरजले.

भिवाजीची पाचावर धारण बसली. त्याने स्वतः जाऊन मुंगूसपंतांना बोलावून आणलं. पंत मोठे रचनाकार होते.

"सगळे एका खोलीत? शिव शिव!" पंत म्हणाले. "प्रत्येकाला वेगळी खोली द्या. मध्ये भिंती घाला. कोणी कोणाशी थेट बोलायचं नाही. मध्ये एक चौकीदार बसवायचा, निरोप त्याच्याकडे द्यायचा, तो शहानिशा करून पुढे देईल. मग एक कोसळला तरी बाकीचे शाबूत."

तसंच झालं. चित्रवाला पुन्हा कोसळला आणि बाकी कोणाला पत्ताही लागला नाही. भिवाजीने खुशीत सगळ्यांना मध वाटला.

मग पंतांना भिंतींची चटकच लागली. पाणी बघणारा एका खोलीत, बघितलेलं तपासणारा दुसऱ्या, तपासलेलं सांगणारा तिसऱ्या. दर निरोपाला चौकीदाराने हातातलं काम गुंडाळायचं, निरोप पोचवायचा आणि पुन्हा काम उलगडायचं. बिचाऱ्याचा दिवस गुंडाळण्या-उलगडण्यातच जायला लागला.

"पंत," भिवाजी भीत भीत म्हणाला, "पाणीवाला आणि भोंगेवाला तरी एकत्र बसवू या का? घाईचं काम आहे."

"आणि रचनेचं सौंदर्य?" पंतांनी विचारलं.

महाराजांनी तोडगा काढला. दुप्पट वेगाचा नवा संगणक आणला. पंतांनी त्यात दुप्पट भिंती घातल्या.

श्रावणात वरच्या अंगाला ढगफुटी झाली. नदी फुगली. पाणीवाल्याने निरोप दिला. चौकीदाराने हातातलं काम गुंडाळायला घेतलं. पडद्यावर अक्षरं उमटली, 'कृपया थांबा.'

भिवाजी थांबला. खाली पाणी करंजाच्या झाडांत शिरलं. पडदा म्हणाला, 'पाणी म्हणजे नक्की कोणतं पाणी? तपास चालू आहे.' या भिंती त्यानेच हौसेने आणल्या होत्या. त्याने खुर्ची ढकलली, टेकाडाच्या कडेला धावला आणि छाती फुटेस्तोवर ओरडला, "पळा! पाणी आलं!"

वस्ती पळाली. सगळ्यांत शेवटी गोदाक्का वर आली, चिंब भिजलेली, पिल्लांच्या मानगुटी धरून.

"अहो, तुमचा भोंगा मेला की काय?"

"मेला नाही," भिवाजी म्हणाला. "चौकशी करतोय."

घरं वाहून गेली. जीव वाचले. पूर ओसरला, प्राणी खाली उतरून चिखल उपसू लागले आणि तेवढ्यात भोंगा वाजला. सगळे पुन्हा डोंगरावर पळाले.

मग दरबार भरला. पंतांना शाल मिळाली.

"एवढा पूर आला," महाराज सद्गदित होऊन म्हणाले, "पण आपला संगणक क्षणभरही बंद पडला नाही!"

चौकीदाराला डावलून वस्तीशी परस्पर बोलल्याबद्दल भिवाजीची नोकरी मात्र गेली.

तात्पर्य : मुलांनो, संकटात आधी व्यवस्था वाचवावी. प्रजेचं काय, कोणीतरी ओरडलं की ती आपली आपण पळते.