दारावर आलेली माणसं आणि जिप्समची भिंत

लिलाबाई गेल्या आणि लोक सांत्वनाला दारावर यायला लागले. सासूबाईंबद्दल दोन चांगले शब्द कुणाच्या तरी तोंडून ऐकावेत, एवढीच सुनंदाबाईंची आस होती. सासूबाई गेल्यापासून त्यांच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. रडू छातीत दगडासारखं अडकून बसलं होतं. सुतकामुळे देवापुढे दिवाही लागत नव्हता, मग गाऱ्हाणं तरी कुणापुढे मांडायचं?

जळगावच्या त्या फ्लॅटमध्ये सुनंदाबाईंच्या नवऱ्याने, पितांबरने, हॉलमध्ये जिप्समची भिंत उभारून आईला खोली करून दिली होती. भिंत दिसायला पांढरीशुभ्र, आतून पोकळ. दारावर आलेल्याने मात्र खाली बसायचं आणि भिंतीला पाठ टेकायची, ही रीत. धुळ्याचे रतिलालनाना अंगाने भरभक्कम. त्यांनी चेहरा पाडला, "हरी हरी" म्हटलं आणि मागे रेलले. कर्रर्र झालं. नानांचं कोपर थेट लिलाबाईंच्या खोलीत.

"मी ते नुसता टेकनू भो!" नाना घाबरून म्हणाले. मग मान वळवून भोकात पाहत, "हाई भित शे का खोकं?"

"जिप्समची आहे, नाना," पितांबर ओशाळला.

"बठ्ठी पोकळ शे रे!"

झालं. त्यानंतर जो येई तो लिलाबाईंच्या फोटोकडे एकदा आणि भोकाकडे चारदा बघे. 'कशा गेल्या?' राहिलं बाजूला, 'हे कसं झालं?' सुरू झालं. खरंच पोकळ आहे का, म्हणून प्रत्येकजण बोट घालून खात्री करून घेई. वाटीएवढं भोक संध्याकाळपर्यंत ताटाएवढं झालं.

पहूरच्या कुंदाबाई, पितांबरच्या आत्या, पदर खोचून उठल्या. "कागद कोंबा नि वरून कनकीची खळ लावा. मी आमच्या घरची भित अशीच बुजवली व्हती."

"आत्या, ती मातीची होती."

"भित ते भितच असते ना!"

पातेलंभर खळ शिजली. आत्यांनी ती मनापासून थापली. भिंतीचा बोर्ड चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा फुगला आणि सकाळी त्याचा मोठा लचका गळून पडला. आता दारात पाऊल टाकताच लिलाबाईंची रिकामी खाट दिसू लागली.

"मी कारागिराला बोलावतो," पितांबर म्हणाला.

"सुतकात घराला हातोडा लावशील?" अमृतकाका कडाडले. "तेरावं होऊ दे आधी."

"काका, तोवर ती अख्खी खाली येईल."

"येऊ दे. रीत मोडायची नाही."

भिंत दुरुस्त करणं हे शुभकार्य की नुसतंच कार्य, यावर दुपारभर खल झाला. लिलाबाईंच्या दुखण्यावर घरात इतका वेळ कुणी बोललं नव्हतं. शेवटी ठरलं, कारागिराने बघायला हरकत नाही, ठोकायचं नाही.

कारागीर हितेंद्र आला. खाली बसलेल्या माणसांमधून वाट काढत तो भिंतीशी गेला आणि बोर्ड कुठवर भिजलाय ते बघायला त्याने बोटाने वाजवलं. टक, टक, टक.

स्वयंपाकघराच्या दारात उभ्या सुनंदाबाई जागच्या जागी थिजल्या. पहाटे जाग आली की सासूबाई पलीकडून अश्शीच बोटं वाजवत. चहासाठी नव्हे, सून उठली का, बरी आहे ना, एवढंच विचारायला. मग सुनंदाबाई अलीकडून वाजवत. ते दोघींखेरीज घरात कुणालाच ठाऊक नव्हतं.

हितेंद्रने मंडळींकडे पाहिलं आणि आवाज उतरवून विचारलं, "कशानं गेल्या हो?"

"मी टेकनू ना," नाना म्हणाले.

"खळ सोसली नाही तिले," आत्या म्हणाल्या.

"आतून पोकळच होती," अमृतकाकांनी निकाल दिला.

आणि सुनंदाबाईंचा बांध फुटला. "आई गं!" करून त्या दारातच मटकन बसल्या आणि हंबरडा फोडून रडू लागल्या. आत्यांनी धावत जाऊन त्यांना पोटाशी धरलं.

"उगी वं माय, उगी. भितच ते हाये. नवी उभी करता येते."

सुनंदाबाईंनी नाही म्हणून मान हलवली आणि त्या आणखीच रडू लागल्या. ते पाहून नानांनाही भरून आलं. उपरण्याने डोळे पुसत ते म्हणाले, "मना हातथीन गई माय ती!" मग आत्यांचा धीर सुटला. काकांनी चष्मा काढला. हितेंद्रही नाक ओढत उभा राहिला.

लिलाबाई गेल्यापासून त्या घरात पहिल्यांदाच सगळे मिळून रडत होते.