एकशे एक्क्याण्णवाव्या चित्राचा कोपरा

बुधवार, ७ मे १९७५. सकाळी साडेनऊ वाजता उंब्रजला लालासाहेबांच्या दारात एक ट्रक थांबला आणि त्यातून बावीस माणसं रडत उतरली. ती कडेगावहून लालासाहेबांची राख सावडायला आली होती. लालासाहेब त्या वेळी मागच्या गोठ्यात बसून शेळीचं चित्र रंगवत होते.

बावीस वर्षं फौजेत काढून हवालदार होऊन परतलेल्या लालासाहेबांनी गेल्या दसऱ्याला पारावर जाहीर केलं होतं, "रोज एक चित्र! कार्डाएवढं. वर्षभर! लगीन असू द्या न्हाईतर मयत असू द्या, खाडा न्हाई!" पारावरची माणसं हसली होती. पण लालासाहेबांचं काम म्हणजे घड्याळ. मेपर्यंत खरोखरच एक दिवस चुकला नव्हता.

चित्रं ते पोस्टकार्डावर काढत, याला कारण होतं. बहीण राहीबाई कडेगावला दिलेली. तिला अक्षरओळख नाही. लेखी पत्र आलं की वाचून घ्यायला शेजारी जावं लागे आणि माहेरची खबर तिच्याआधी सगळ्या गल्लीला कळे. म्हणून कार्डाच्या एका बाजूला पत्ता आणि दुसऱ्या बाजूला नुसतं चित्र. माहेरचा कडुलिंब, विहीर, आईची चूल आणि बरीचशी शेरडं. राहीबाई ती कार्डं खळीनं भिंतीला चिकटवायची.

तर बुधवारी लीलाबाई, म्हणजे लालासाहेबांच्या मंडळी, भाकरी थापत होत्या. गलका ऐकून पिठाच्या हातानं बाहेर आल्या, तो राहीबाईनं गळ्यात पडून हंबरडा फोडला. मागं आणखी अकरा बायका. एवढी माणसं रडतायत म्हटल्यावर लीलाबाईंनीही सूर लावला. कोण गेलं हे विचारायचं राहूनच गेलं!

गोठ्यात लालासाहेबांनी रडं ऐकलं. पण शेळीचं एक शिंग राहिलं होतं. ते त्यांनी पुरं केलं, ब्रश धुतला आणि ओलं कार्ड हातात धरून पुढच्या अंगणात आले. पुरुषमंडळी खाली माना घालून बसली होती. लालासाहेबही मान खाली घालून राहीबाईच्या नवऱ्याशेजारी, कृष्णातशेजारी टेकले.

"कोण गेलं, दाजी?"

"आपलं लालासाहेब गेलं, गड्या," कृष्णात गुडघ्यात तोंड घालून म्हणाला.

"आरारा! लय वाईट झालं."

"सोन्यासारखा मानूस."

"व्हय, व्हय." लालासाहेबांनी मान हलवली. मग ती हलायची थांबली. "कोण लालासाहेब म्हणालासा?"

कृष्णातनं डोकं वर केलं. शेजारी बघितलं. आणि बसल्या जागी उताणा झाला!

पुढची दोन मिनिटं अंगणाची नुसती जत्रा झाली. बायका ओरडत गोठ्याकडं पळाल्या, पुरुष रस्त्याकडं. राहीबाई तेवढी जागची हलली नाही. ती भावापुढं येऊन उभी राहिली, त्याच्या गालाला हात लावला, कान ओढला आणि मग एक सणसणीत ठेवून दिली.

"जित्ता हाईस व्हय रं, दादा!"

"आगं, मग काय मरू?"

तिनं त्याला मिठी मारली. ओलं कार्ड मधे सापडलं. शेळी सदऱ्यावर उमटली, कार्डावर नुसता चिखल राहिला. त्या दिवसाचं चित्र, एकशे पंचाण्णवावं, गेलं!

"तुला सांगितलं कुणी मी मेलो म्हणून?"

"तुजंच पत्र आलं की काल!"

"मेलेला मानूस सवताचं पत्र धाडतो व्हय, राहे?"

"मला वाटलं, वैनीनं तुजं शेवटचं चितार धाडलं! कार्डाचा कोपरा फाडलेला हुता! पोस्टमननं टोपी काढून लांबनंच दिलं. धीर धरा म्हणाला!"

मरणाची बातमी देणाऱ्या पत्राचा कोपरा फाडतात, म्हणजे वाचायच्या आधीच घेणाऱ्याला कळतं, हे या भागात पोराटोरांना ठाऊक. लालासाहेबांनाही ठाऊक होतं. पण शनिवारी एकशे एक्क्याण्णवावं चित्र काढताना त्यांनी ब्रशाचा लाल रंग कोपऱ्यावर लावून बघितला होता. डाग पडला. चित्रावर डाग म्हणजे परेडला तुटकं बटण! त्यांनी पट्टी लावून तो कोपरा नीट, सरळ रेषेत फाडला आणि कार्ड पेटीत टाकलं. दुसरा विचारही मनात आला नाही.

"आनि चितार तरी कसलं?" राहीबाई म्हणाली. "रिकामं बाजलं! त्यावर तुजा फेटा! खाली वहाना!"

"आगं, तुज्या पोरीच्या लग्नाला मामा तयार होऊन बसलाय, असं दावायचं हुतं."

"मग मामा कुठं हाय त्यात?"

"तोंड जमंना," लालासाहेब हळूच म्हणाले. शेरडं त्यांना डोळे झाकून जमत, पण माणसाचं तोंड आजवर एकदाही जमलं नव्हतं. "म्हणून मानूसच गाळला. कुठं हाय ते चित्र?"

"फाडून वढ्यात टाकलं! असलं पत्र घरात ठेवत्यात व्हय?"

स्वतःच्या मरणाची बातमी लालासाहेबांनी बरीच धीरानं घेतली होती. ही ऐकून मात्र ते मटकन खाली बसले.

तेवढ्यात कृष्णात भानावर आला आणि दुसऱ्यांदा ओरडला. "आरं, लगीन!"

कृष्णातची मुलगी शालन हिचं लग्न शुक्रवारी, अकरा पस्तीसच्या मुहूर्तावर, म्हसवडच्या दादासोंच्या मुलाशी ठरलेलं होतं. लालासाहेब नवरीचे एकुलते एक मामा. आणि मामाच गेला म्हटल्यावर कृष्णातनं कालच संध्याकाळी आपला भाऊ आकाराम याला म्हसवडला धाडलं होतं. निरोप एवढाच, की सुतक आलं, लग्न होत नाही.

"दादा," राहीबाई पदर खोचत म्हणाली, "माजी पोर अशीच ऱ्हायली, तर भिंतीवरची तुजी समदी शेरडं चुलीत घालीन!"

"कशाला काळजी करतीस? मी सवता जातो," लालासाहेब उठले. "जित्ता मानूस दारात हुबा ऱ्हायल्यावर कोण काय बोलंल?"

ट्रक माणसं उतरवून केव्हाच पुढं गेला होता. लालासाहेबांनी फेटा बांधला, पिशवीत रंगाची डबी आणि एक कोरं कार्ड टाकलं आणि कऱ्हाड, वडूज, दहिवडी अशा एसट्या बदलत पावणेपाचला म्हसवडात उतरले. इकडं कडेगावात एकशे ब्याण्णवावं चित्र, एक धडधाकट शेळी, चारी कोपऱ्यांसह, कुलूप लावलेल्या दारातून पोस्टमननं दुपारीच आत सरकवलं होतं. बघायला घरी कोणी नव्हतं.

दादासोंच्या दारात मांडव उभा होता. घरात एकटी मनुबाई, नवऱ्यामुलाची आजी. तिच्या शब्दाबाहेर त्या घरात कोंबडीही अंडं घालत नव्हती. तिनं खिडकीतूनच विचारलं, "कोण रं?"

"राम राम, आजी. दादासो हाईत का?"

"दहिवडीला गेल्यात समदी. पोरगी बघायला."

"कुणासाठी?"

"आमच्या पोरासाठी! मांडव घातलाय, बुंदी पाडलीया, वाजंत्री सांगितल्यात. नवरीचा मामा मेला म्हणून एवढा मुहूर्त वाया घालवायचा? दिस मावळायच्या आत येतील. मी व्हय म्हणलं की सुपारी फुटंल. तू कुणाचा?"

"मी नवरीचा मामा. उंब्रजचा."

"मामा तर गेला म्हणं. तू दुसरा?"

"न्हाई. त्योच मी!"

मनुबाईनं त्यांना फेट्यापासून वहाणांपर्यंत न्याहाळलं. मग "सिद्धनाथा, धाव रं!" अशी किंकाळी आली, खिडकी धाडकन लागली आणि दाराला एकामागून एक दोन कड्या पडल्या.

लालासाहेबांनी बाहेरून शपथा घेतल्या. पेन्शनीचं पुस्तक फटीला लावून दाखवलं. मनुबाईला वाचता येत नव्हतं. शेवटी आतून आवाज आला, "त्यो मामा रोज चितार काढायचा म्हणं. कडेगावात भिंतभर बघितल्यात मी. खरा असशील तर काढ!"

"काढतो की! वाईच पानी द्या ब्रशाला."

"भुताला पानी देत न्हाई म्या!"

लालासाहेबांनी जनावरांच्या डोणीतलं पाणी घेतलं आणि मांडवात बसले. आज शेळी काढून भागणार नव्हतं, माणूसच काढायला हवा होता. कार्डावर आधी फेटा रंगवला. फेट्याखाली, एकशे पंचाण्णव दिवसांत पहिल्यांदा, तोंड काढलं. उघडे डोळे, मिशा, बत्तीस दात. एका हातात भाकरी, कारण मेलेला माणूस भाकरी खात नाही. भुताची पावलं उलटी असतात म्हणून पावलं चांगली ठळक काढली, दहाही बोटं पुढं! रंगाचा थेंबही कुठं सांडू दिला नाही. चारी कोपरे दोनदा मोजले.

आणि तोंड जमलं होतं! लालासाहेब स्वतःच चकित होऊन बघत राहिले.

"झालं का रं?"

"झालं, आजी. दारात या."

त्यांनी कार्ड दाराच्या फटीतून अलगद आत सरकवलं. आतून मनुबाईच्या बोटांनी ते पकडलं आणि ओढलं.

"आवं, वलं हाय! कडंनं धरा!" लालासाहेबांनी सवयीनं आपली चिमूट सोडली नाही.

मनुबाईनं हिसका दिला. टर्रकन आवाज झाला. कार्ड आत गेलं. लालासाहेबांच्या चिमटीत कोपरा राहिला.

आत मनुबाईचं बोट फाटक्या कोपऱ्यावरनं फिरलं. मग मनुबाईनं मोठ्यानं रडायला सुरुवात केली.

सायंकाळी सहा वाजून दहा मिनिटांपर्यंतची माहिती अशी: दार आतून बंद आहे. दहिवडीकडून येणाऱ्या एसटीचा धुरळा दिसू लागला आहे. एकशे पंचाण्णवावं चित्र पुरं झालं असून, खाडा पडलेला नाही.